कोरडा पुठ्ठा

सर्बियातल्या झायेचारमध्ये कुणाच्या गाडीखाली ऑइल गळू लागलं की लोक विटोमिरकडे येत. इंजिनाखालच्या ऑइल-चेंबरचं पॅकिंग बसवावं तर त्यानंच, असं गावात म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. चेंबरची पत्र्याची कड बोल्टच्या भोकांपाशी वाकलेली असते, ती तो लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हातानं ठोकून सपाट करी. बोल्ट आवळताना मोठ्या पान्याला हात लावत नसे. बुचाचं पॅकिंग जास्त आवळलं की फुगून फाटतं, मग बसा रडत. "कुठे थांबायचं हे कळत नाही तो मेकॅनिक नाही, पैलवान," असं तो म्हणे.

असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचं चेंबर तीन वर्षं गळत होतं. दिव्याखाली अंधार तो हाच.

गाडी वडिलांची, बहात्तर सालची, फिकट निळी. वडील गेले, पण त्यांचा नियम राहिला. लांब जायच्या आदल्या रात्री इंजिनाखाली पुठ्ठा घालायचा. सकाळी कोरडा असला तर निघायचं, थेंब दिसला तर गाडी हलवायची नाही. या भागात पाहुणा गेला की यजमान आधी अंगणातला डाग बघतो, आणि डाग ठेवून गेलेल्याचं नाव वर्षभर निघतं.

विटोमिरला जायचं होतं सोम्बोरला, चारशे किलोमीटरवर. तिथे देसांका राहत होती. विधवा, शिवणकाम करणारी, एका लग्नात ओळख झालेली. तिनं घरामागची शेड त्याच्यासाठी रिकामी केली होती आणि गाडीखाली उतरून काम करायला खड्डाही खणून घेतला होता. मेकॅनिकला याहून मोठं आमंत्रण कोणतं असणार? बसनं जाता आलं असतं. पण चेडा नावाचा शेजारी एकदा राकिया ही फळांची दारू पिताना हसत म्हणाला होता, "बसनं जा की. ती म्हणेल, स्वतःची गाडी धड नाही, हा माझं काय दुरुस्त करणार." चेडा थट्टा करून विसरला. विटोमिर विसरला नाही.

आईला त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. स्तामेना एक्याऐंशीची, घरात दोघंच. सांगू, गाडी झाली की सांगू, असं करत त्यानं तीन वर्षं काढली.

या सप्टेंबरात देसांकाचा फोन आला. "रविवारी मी दोन ताटं वाढणार आहे. दुसरं तसंच राहिलं तर शेड भाड्यानं देईन. चिडले नाही रे, विटो. दमले."

शुक्रवारी तो घरच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरला. वर गाडीचं पोट, दोन्ही बाजूंना ओली भिंत, आणि फटीतून दिसणाऱ्या आईच्या सपाता. ती अंगणात चुलीवर लाल मिरच्या भाजत होती आणि धूर थेट खाली येत होता.

"किती राहिलं रे?" तिनं वरून विचारलं.

"चौदा बोल्ट, आई."

"वसंतातही चौदाच म्हणाला होतास."

"बोल्ट काय वाढतात होय?"

"बोल्ट नाही वाढत, वय वाढतं." सपाता जरा जवळ आल्या. "हिवाळ्याची लाकडं यायची आहेत. कोण रचणार ती? मी?"

त्यानं पुढच्या बोल्टला पाना लावला. तीस वर्षं तो या खड्ड्यात उतरत होता, पण जीव गुदमरला तो आज. वर यायच्या पायऱ्या चार हातांवर होत्या, तरी आपण यातून कधी बाहेर येणार नाही असं त्याला वाटलं.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. जुनं काळं ऑइल सरपणाच्या खोपटापाशी डब्यात ओतलं. कुंपणाच्या खांबांना फासायला ते घरोघरी ठेवतात. शनिवारी संध्याकाळी नवं ऑइल भरलं, मधाच्या रंगाचं. दहा मिनिटं इंजिन चालवलं, चेंबरच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. गाडी अंगणात ढकलली आणि खाली पुठ्ठा सरकवला.

रविवारी पहाटे पुठ्ठ्यावर तीन थेंब होते.

त्याच्या छातीतून सुस्कारा निघाला. तो सुटकेचा होता, हे त्याचं त्यालाच कळलं आणि शरमेनं त्याचे कान तापले. मग त्यानं थेंबाला बोट लावलं. काळं. चोळून नाकाशी नेलं तर जळका वास. नवं ऑइल असं नसतं. तो आडवा झाला, चेंबरच्या कडेवरून पुन्हा हात फिरवला. कोरडं ठणठणीत. खोपटापाशी डब्याचं झाकण तिरकं बसलं होतं.

वसंतातले थेंबही काळेच होते. गेल्या वर्षीचेही. वासावरून ऑइलचं वय सांगणारा माणूस, आणि तीन वर्षांत त्यानं एकाही थेंबाला बोट लावलं नव्हतं. आई फसवत होती हे खरं. पण फसायला तोही तयारच बसला होता.

स्वयंपाकघरात आईनं दोन कप कॉफी ओतली होती. तिच्या अंगठ्याचं नख काळं, तेलकट होतं. भाजलेल्या मिरच्यांचा डाग असा नसतो.

"गळतंय का रे?" तिनं कपाकडे बघतच विचारलं.

त्यानं पेट्रोलचं फडकं आणलं, तिचा हात हातात घेतला आणि अंगठा पुसू लागला. तिनं पुसू दिला. हात पानासारखा हलका होता.

"सोम्बोरला थंडी फार असते म्हणतात," ती म्हणाली.

सोम्बोरचं नाव त्यानं या घरात कधी काढलं नव्हतं.

किल्ली खिशात होती. टाकी भरलेली होती. तो अंगणात आला, गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. फोन वाजला.

"निघालास?" देसांकानं विचारलं.

खिडकीत आई उभी होती. कॉफी तशीच होती.

"गळतंय, देसांका," तो म्हणाला.

 पलीकडे ताटावर ताट ठेवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

बोललेलं खरं ठरवायला विटोमिरनं गाडी ढकलत पुन्हा खड्ड्यावर आणली. खाली उतरला, नवं ऑइल काढलं, पाना घेतला आणि चौदा बोल्ट एकेक करून सोडवले. पॅकिंग अखंड हातात आलं. त्यानं आजवर बसवलेल्यांत ते सगळ्यात चांगलं बसलं होतं.