फोटोतले अनवाणी पाय

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, मंदाबाई आणि न सांगितलेली गोष्ट? आमच्या गल्लीत विचारा — माझ्या घरी भाजीत मीठ जास्त पडलं, तर आमची जेवणं व्हायच्या आत ते चार घरी पोचलेलं असतं. पोचवणारी मीच. पण हे तेवढं राहिलं. बारा-तेरा वर्षं राहिलं.

आणि लिहून काढते आहे त्यालाही कारण आहे. तोंडानं सांगायला बसले की माझ्या हातून त्याची गंमत होते. हात हलतात, आवाज बदलतो, समोरची हसली की मी आणखी दोन गोष्टी वरून घालते. खोडच आहे ती. कागद हसत नाही — म्हणून कागद. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं पोरांच्या पुस्तकांतून उचललेलं, तेव्हा येईल तसं लिहिते.

माझ्या बैठकीत एक फोटो आहे, दिल्लीचा. मागे इंडिया गेट, पुढे आम्ही दोघी. मी आणि सिंधू. सिंधू म्हणजे माझ्या समोरच्या घरची. पवनारजवळच्या या गावात आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलो. तिचं वावर आणि माझं वावर धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. दोघींची वांगी, पालक, सांभार — म्हणजे कोथिंबीर — एकाच ऑटोत वर्ध्याच्या बाजारात जायचा. तर फोटोत सिंधू अनवाणी आहे. माझ्या पायात चपला आहेत आणि कमरेला शाल गुंडाळलेली आहे. घरी येणारी प्रत्येक बाई तो फोटो पाहते आणि विचारते, "ह्या अनवाणी काऊन वो?"

की मग झालीच माझी गोष्ट सुरू.

माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा दिल्लीला नोकरीला होता. "मावशी, एकदा येऊन जा" म्हणून मागे लागला होता. एकटीनं कसं जायचं, म्हणून सिंधूला घेतलं. दिवाळी झाल्यावर सेवाग्राम स्टेशनवरून गाडीत बसलो. ठेचा-भाकर, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची कॅन. सिंधूनं नागपूरच्या पुढे पाय ठेवलेला नव्हता. खिडकी सोडायला तयार नाही. स्टेशन आलं की पाटी मोठ्यानं वाचायची — इटारसी! भोपाळ! — जशी काही तिलाच ती गाडी थांबवायची आहे. मध्येच म्हणाली, "मंदे, हे पाहून झालं की पुढच्या खेपेले समुद्र पाहू. एवढं पानी एका जागी कसं राह्यते, मले पाहाचं हाय."

दीड दिवस होतो आम्ही दिल्लीत. पहिल्याच सकाळी भाच्यानं मेट्रोत बसवलं. जमिनीखालची गाडी, आणि वर यायला सरकता जिना. इथून पुढे माझी गोष्ट अशी — भाचा फोनवर बोलत वर निघून गेला. सिंधूनं एक पाय जिन्यावर ठेवला. तो पाय निघाला वर, दुसरा राहिला खाली. "अवं माय वो, जमीन चालून राह्यली!" अशी ओरडली आणि पायरीवर फतकल मारून बसली. एक चप्पल निसटली ती कुठे गेली देव जाणे. मागे ही गर्दी! शेवटी शिपायानं बटण दाबून आख्खा जिना बंद केला. "माताजी, उठिए," तो म्हणतो, आणि ही कठड्याला घोरपडीसारखी चिकटलेली. दिल्लीची मेट्रो आमच्या सिंधूनं थांबवली वो!

बाया हसून हसून आडव्या व्हायच्या. वावरात तण निंदायला बसलो की पातीच्या पहिल्या टोकाकडून हाक यायची, "मंदाबाई, जिना सांगा जिना." हळदीकुंकवात सांगितली, बारशात सांगितली. लग्नघरी पुऱ्या लाटताना तर किती वेळा. पोरं सिंधूला जिनाकाकू म्हणू लागली. दुकानात नाव सांगताना कोणी म्हणायचं, "सिंधूबाई कोन? जिनाकाकू काय?" — हो, म्हणायची ती, तीच.

आणि सिंधू? ती असायची ना तिथेच. निंदता निंदता मान खाली घालून हसायची. एकदाही म्हणाली नाही की असं नव्हतं.

असं नव्हतं. जिन्यावर बसले ती मी.

लिहिलं. आता पुढचंही लिहिते. पाय माझा गेला, ओरडले मी, चप्पल माझी निसटली. आणि जे मी कोणत्याच गोष्टीत कधी घातलं नाही तेही झालं — भीतीनं मला तिथंच, त्या पायरीवर, लघवी झाली. थोडीच. पण झाली. पन्नाशी उलटलेली बाई, दिल्लीच्या शहरात, एवढ्या माणसांपुढे. सिंधू माझ्या मागच्या पायरीवर होती. तिनं एका नजरेत ओळखलं. अंगावरची शाल काढली, माझ्या कमरेला गुंडाळली, आणि माझ्या शेजारी अशी बसली की मागच्यांना काही दिसू नये. वरून भाचा धावत आला तेव्हा तिनंच त्याला सांगितलं, "हिले काई नाई झालं, बापू. मीच घाबरली. हिनं मले धरलं म्हणून वाचली."

मी काय केलं? गप्प बसले. माझ्या भाच्यापुढे माझी लाज राहावी म्हणून तिनं ते केलं, हे मला कळत होतं. बाहेर आल्यावर तिनं स्वतःच्या चपला माझ्यासमोर सरकवल्या. "घाल. मले वावरात सवय हाय." भाच्यानं खोलीवर परत नेतो म्हटलं, तर तीच म्हणाली, एवढ्या दुरून आलो तं पाहून घेऊ. मग लाल किल्ला बाहेरून पाहिला, इंडिया गेट पाहिलं, कुतुबमिनार पाहिला. फरशी गारठलेली, आणि सिंधू त्यावरून अनवाणी. मिनार बघताना मान इतकी मागे टाकली तिनं की डोक्यावरचा पदर पडला, तरी तिला भान नाही. संध्याकाळी भाच्यानं नव्या चपला घेऊन दिल्या — माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. त्याला वाटलं चप्पल तिचीच गेली.

दुसऱ्या दिवशी परत त्याच जिन्यावरून जायचं होतं. सिंधू गेली. आधी उजवा पाय, मग डावा, सरळ उभी, वर पोचल्यावर मागे वळून लहान पोरीसारखी हसली. मी बाजूच्या दगडी पायऱ्यांनी चढले. भाचा म्हणाला, मावशी, तू का पायऱ्यांनी? गुडघे मोकळे करते, म्हटलं.

तिथंच राहिलं असतं तर एक वेळ ठीक. पण गावात आल्यावर फोटो पाहून पहिल्या बाईनं विचारलं, ही अनवाणी काऊन, आणि माझ्या तोंडातून गोष्ट निघाली. का निघाली? ती हसली म्हणून. मग दुसरी हसली. माझी लाज झाकायला तिनं शाल दिली होती. मी त्या शालीचा तंबू ठोकला आणि आत तमाशा लावला. पहिल्या वर्षी छातीत टोचायचं. नंतर नंतर, खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. घोरपडीसारखी चिकटलेली सिंधू मला डोळ्यांपुढे दिसायची.

आणि अजून मी मूळ गोष्टीला आलेच नाही. फिरतेय आजूबाजूला. आता येते.

सिंधूची नात चेन्नईला शिकायला होती. शिक्षण झालं, तिथं मोठा समारंभ होता, काळा झगा घालून पदवी घ्यायची. पोरीचा हट्ट, आजी पाहिजेच. आणि चेन्नईला समुद्र आहे. सिंधूनं महिनाभर आधी नवं लुगडं घडी घालून ठेवलं होतं. मग तिचा मुलगा विलास एका दुपारी माझ्याकडे आला. आम्ही दोघी माझ्या ओसरीवर मेथी निवडत होतो. तो तिच्यासमोरच मला विचारायला लागला, "काकू, तिकडं स्टेशनावर, मॉलमध्ये, सगळीकडं सरकते जिने हाय म्हनते पोरगी. मायले दिल्लीत कसं झालतं, तुमी सोबत होत्या. नेऊ का तिले? तुमी सांगा."

एवढंच म्हणायचं होतं — ने रे, बाबा. गोष्ट मोडायचीही गरज नव्हती. ने, मी सांगते, काही होत नाही तिला. पण माझ्या मनात काय आलं सांगू? ती तिथं टुकुटुकु जिने चढेल. विलास पाहील, नात पाहील. गावात येऊन सांगतील, माय तर अशी चढते! मग दिल्लीत बसलेली कोण होती?

मी म्हटलं, "राहू दे बापा. झेपत नाई तिले. पोरीच्या कार्यक्रमात उगा फजिती."

सिंधूच्या हातात मेथीची जुडी होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्या जिन्यावर पाहिलं होतं तसंच — काय झालं ते ओळखून. मग विलासला म्हणाली, "बरं सांगते मंदा. तुमी जाऊन या." आणि मला म्हणाली, "दुसरी जुडी सरकव इकडं."

नातीनं तिथून समुद्राचा फोटो पाठवला मोबाइलवर. सिंधूनं तो मलाही दाखवला.

आता तिचे गुडघे गेले आहेत. अंगणापर्यंत येते, भिंत धरून. लांबच्या प्रवासाचं कोणी तिला विचारत नाही, तीही काढत नाही.

यंदाच्या संक्रांतीला माझ्याकडे बाया जमल्या होत्या. गल्लीत एक नवी सून आली आहे, तिनं फोटो पाहिला आणि तोच प्रश्न विचारला. मी वाण वाटत होते, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तर सिंधूच म्हणाली खुर्चीवरून, "सांग ना वो, मंदे. तू लय मस्त सांगतं."

मी सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हात हलवून. जमीन चालून राह्यली, घोरपड, माताजी उठिए, सगळं. नवी सून डोळे पुसत हसली. चपलेपाशी आले, "डावी चप्पल निसटली" असं मी नेहमीसारखं म्हटलं, तेव्हा सिंधू हसता हसता मध्येच बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"डावी नाई वो," ती म्हणाली. "उजवी गेलती."

उजवीच गेली होती.