पूर्वाच्या आईचे हात

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर होतो. एका दुपारी पूर्वाला आणलं. वय सात, रक्ताचा कॅन्सर, ताप एकशे तीन. केमोने पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात. अशा मुलाला ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. रक्त कल्चरला पाठवतो, पण कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे कळायला दोनेक दिवस जातात. तोवर अंदाजावर चालायचं.

संशय दोन होते. पूर्वाच्या छातीत केमोसाठी नळी बसवली होती, तिला आम्ही लाइन म्हणतो. लाइन हाताळताना जंतू तिच्यातून शिरला असेल, किंवा पोरीच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात आला असेल. दोन्हींची औषधं वेगळी.

पूर्वाची आई मोऱ्याच्या जेट्टीवर मासळी विकायची. टोपली शेजारणीकडे टाकून तशीच आली होती. खोलीत मासळीचा वास भरला.

"घरी लाइन कोण साफ करतं?" मी विचारलं.

"मीच, सायेब. दोनदा हात धुते साबनानं."

"मासळीचे हात. दोनदा धुऊन काय होतंय?"

सिस्टरने मान खाली घातली. आईने हात पदराखाली घेतले.

"आई लिंबूपन लावते," पूर्वा तापातच म्हणाली.

मी लाइनच्या जंतूंसाठी व्हॅन्कोमायसिन लिहिलं, आतड्याच्या जंतूंसाठी नेहमीचंच साधं औषध. केसपेपरवर लिहिलं : आईकडून लाइनची स्वच्छता अपुरी.

दुसऱ्या दिवशी पूर्वाचं बीपी घसरलं. आयसीयूत हलवली. दुपारी लॅबच्या मॅडमचा फोन आला.

"सर, क्लेबसिएला आहे. आतड्यातला. फाइल बघितली नाही का?"

"का?"

"गेल्या महिन्याचा स्टूल स्वॅब. हाच जंतू, नेहमीच्या औषधाला न जुमानणारा. मेरोपेनेमनेच सुरुवात करायची होती."

शौचाच्या तपासणीचा तो रिपोर्ट फाइलच्या शेवटच्या पानाला स्टेपल केलेला होता. मी तिथवर गेलोच नव्हतो. वासाने माझं निदान आधीच करून टाकलं होतं.

मेरोपेनेम सुरू केलं. सहा दिवस पूर्वा आयसीयूत होती. आई बाहेरच्या बाकावर बसून असायची, दर थोड्या वेळाने बेसिनकडे जायची. सातव्या दिवशी पूर्वाने पेज मागितली, तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

डिस्चार्जच्या वेळी आईने माझ्यासमोर हात पसरले. डेटॉलने कातडी फाटली होती.

"मासली सोडली, सायेब. माज्या हातानं पोर जात व्हती."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "काळजी घ्या."

पूर्वा बरी झाली. पुढे तपासणीला यायची, दर वेळी उंच झालेली. आई जासईच्या कंटेनर यार्डात झाडू मारायला लागली होती. एकदा पूर्वा हसत म्हणाली, "डॉक्टर, आता आमच्या घरात मासळी विकत आणतात. मोऱ्याचे सगळे हसतात आम्हाला."

मीही हसलो. आई हसली नाही.

नंतरच्या डॉक्टरांना मी एवढंच शिकवलं : फाइल शेवटच्या पानापासून वाचा, औषध मग लिहा. कारण कधी सांगितलं नाही. केसपेपरवरची ती ओळही खोडली नाही.

रिटायर झाल्यावर एकदा मोऱ्याला गेलो. घर विचारत दारापर्यंत पोचलो. तिनेच दार उघडलं, पाणी दिलं, पूर्वा कॉलेजला गेल्याचं सांगितलं. पेला देताना तिने हात आधी पदराला पुसले. पाणी पिऊन तसाच परत आलो.

पूर्वाची आई, तो जंतू तुमच्या हातचा नव्हता. चूक माझी होती. मला माफ करा.