लेकीची गूळतुला

माझी लेक पोटात असताना सासूबाई देवीला नवस बोलल्या होत्या, की बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली तर बाळाच्या वजनाइतका गूळ गावाला वाटीन. ही तुला कधी करायची, ते मात्र त्या बोलल्या नव्हत्या. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

लेक झाली, सुखरूप झाली. मला वाटलं, बारशाबरोबर तुलाही उरकेल. पण आदल्या वर्षी चुलत जावेच्या मुलाची तुला झाली होती आणि गुळाची पाटी उचलायला दोन गडी लागले होते. ती पाटी काही सासूबाईंच्या डोक्यातून जाईना. एवढीशी पोर पारड्यात घातली तर गावाला काय बोटावर चाटवायचा गूळ? जरा अंगात भरू दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं.

आणि मग जे भरणं सुरू झालं! माझं दूध होतंच, त्यावर पावडरीची दाट बाटली. पुढे दुधात बुडवलेली बिस्किटं, गूळ-तूप घातलेला भात. पोरीनं तोंड फिरवलं की त्या तिला कावळा दाखवायच्या, कोंबडी दाखवायच्या, रस्त्यावरचा ट्रॅक्टर दाखवायच्या. ती आ वासून बघायला लागली की घास आत. आमच्या रस्त्याला ट्रॅक्टर फार. अंगणवाडीत वजनाला नेताना ऐन मे महिन्यात तिला जाड स्वेटर, वाळे आणि कमरेची साखळी चढायची. तिथल्या ताई सगळं उतरवून ठेवायच्या, तरी काटा पुढेच. मला हसू आवरायचं नाही. शिवाय तिच्या मांड्यांच्या वळ्या इतक्या गोड होत्या की मी दिवसभर मुके घेत सुटायचे.

लसीसाठी नारायणगावला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी कार्डावरची वजनाची रेघ दाखवली. भीमाशंकरचा घाट बरा, अशी ती चढत होती. प्रत्येक गुबगुबीत बाळ पुढे लठ्ठ होतंच असं नाही, त्या म्हणाल्या, पण पहिल्या वर्षात वजन असं भराभर वाढलं तर तो धोका वाढतो. उपाशी ठेवायचं नाही. अंगावरचं दूध आणि घरचं मऊ खाणं चालू ठेवायचं, बाटली आणि गोड बंद करायचं, आणि पोरीनं तोंड फिरवलं की थांबायचं. माझं हसू तिथेच मावळलं. शेजारी नवरा बसला होता, लहानपणापासून जाडा, आणि खाली मान घालून ऐकत होता. एरवी मी त्याच्या पोटावरून त्याला हजार वेळा चिडवते, पण लेकीचं तसं व्हायला नको होतं मला.

घरी आल्यावर सासूबाई फणकारल्या. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? हाच बघा, कसा गुटगुटीत होता, असं म्हणून त्यांनी लेकाकडे बोट केलं. नवरा आईपुढे कधी ब्र काढत नाही. त्या दिवशी शेंगा निवडता निवडता म्हणाला, "आई, शाळंत शर्यत लागली की मी समद्यांच्या चपला धरून उभा राहायचो. मला बी पळावं लई वाटायचं."

सासूबाईंनी शेंगांचं सूप त्याच्या पुढ्यातून ओढून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत एकट्याच निवडत बसल्या. मला तर धसकाच बसला.

सकाळी त्यांनी जाहीर केलं, येत्या मंगळवारी तुला. गुळाचीही सोय त्यांनी लावली होती. पोरगी बापाच्या मांडीवर बसेल आणि दोघांच्या वजनाचा गूळ वाटायचा. देवी काय जास्तीचा गूळ परत करणार आहे?

कांद्याच्या वखारीतला मोठा तराजू देवळापुढच्या लिंबाला टांगला. नवरा पोरीला घेऊन बसला आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं. सासूबाई ढेपांवर ढेपा ठेवत गेल्या. घरचा गूळ संपला, पारडं ढिम्म. दुकानातला आणला, तरी ढिम्म. शेवटी चुलत जाऊच घरी पळाली आणि आपली ढेप घेऊन आली. नवऱ्यानं म्हणे श्वास रोखून धरला होता, त्यानं काय वजन कमी होणार होतं देव जाणे. एकदाचं पारडं उचललं, बापलेक हवेत झुलले, पोर खिदळायला लागली आणि मी हसून हसून देवळाच्या पायरीवर बसकण मारली. गावाला वाटूनही गूळ उरला, तो घाटघरहून आलेल्या पाहुण्यांना बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ओट्यावर बसून पोरीला भात भरवत होत्या. थोडा खाऊन झाला आणि तिनं तोंड फिरवलं. सासूबाईंचा हात घास घेऊन तसाच राहिला. मी दारातून बघत होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि तो घास आपल्या तोंडात टाकला.

"झालं हिचं," त्या मला म्हणाल्या. "सोड तिला खाली. रांगू दे."