बेबीचा मोठा चेहरा

आमच्या बेबीला यंदा त्रेपन्न पूर्ण झाली. शाळेत चित्रकला शिकवून तिनं अर्ध्या गावाची बोटं रंगवली, आईचं आजारपण एकटीनं काढलं, फ्यूज उडाला तर तीच बसवते. पण लग्न केलं नाही, म्हणून मोठी झाली नाही. घरात काही ठरायचं असलं की वहिनी म्हणणार, "बेबी, तू जरा मुलांकडे बघ, मोठी माणसं बोलतायत." या मोठ्या माणसांत सव्वीस वर्षांचा पुतण्याही असे. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा अक्कलदाढही आली असं धरून चालायचं.

बेबी उलट बोलत नसे. कपाटाच्या आरशासमोर बसून स्वतःचं चित्र काढत असे. चित्र दाखवलं की सल्ल्यांना ऊत. "जरा हसरं काढ गं." "गळा फार ओका दिसतो." मावशी तर म्हणाली, "पांढरे केस कशाला? रंग तुझा, ब्रश तुझा, मग काळ्या रंगाची काटकसर कुणासाठी?"

मग दादानं नवीन घर घेतलं आणि हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी बेबीकडे चित्र मागितलं. "तुझ्या मनातलं काढ," म्हणाला. बेबीनं महिनोन्‌महिने खपून स्वतःला काढलं. पांढरे केस, चष्मा, हनुवटीखालची वळी, गुडघ्यांवर ठेवलेले हात, नजर सरळ समोर. या बाईला "ए बेबी" म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती एकदा भिंतीवर बसली, की घरच्यांना येताजाता तिच्याशी नीट वागावं लागेल, एवढीच बेबीची आशा.

चित्र लागलं. घर बघायला दादाचे साहेब आले आणि चित्रापुढे थबकले.

"आई का तुमच्या? काय करारी चेहरा आहे!"

दादानं एकदा बेबीकडे पाहिलं. "हो. आई."

बेबीनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, ती मी आहे."

"माहितीये गं. पण हॉलमध्ये बहिणीचं चित्र कोण लावतं? आणि आईचं लावायचं राहूनच गेलं होतं. आता आयतंच झालं."

"बाहेर जाऊन खरं सांग."

"साहेबांपुढे माझं हसं करतेस का?"

बेबी हॉलमध्ये आली. खुर्ची ओढली, वर चढली आणि चित्र खिळ्यावरून उतरवलं.

"जपून हं, बेबी," साहेब म्हणाले. वहिनीच्या हाका ऐकून तेही नाव शिकले होते. "आईला पाडशील!"

सगळे हसले. बेबी चित्र छातीशी धरून उभी राहिली. एकावर एक दोन चेहरे, चष्मासुद्धा तोच. साहेबांनी दोन्ही नीट न्याहाळले.

"नाक मात्र आईचं घेतलंय हं," म्हणाले.

बेबी चित्र घेऊन जिना उतरून गेली.

"मनावर घेऊ नका, साहेब," दादा म्हणाला. "लहानपणापासून आईवेडी आहे."