बाकीचं उद्या

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी उद्याबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या आणि नदी वळण का घेते ते सांगत होत्या. समोर एकही विद्यार्थी नव्हता. तळघरातली ही खोली पूर्वी झेरॉक्सची. आता भिंतींना काळा फोम डकवला होता आणि आवाज टिपला जातो म्हणून पंखा बंद होता.

नाव मुलांनी पाडलेलं. भूगोलाचा प्रत्येक तास बाई एकाच वाक्याने संपवायच्या: बाकीचं उद्या.

"मॅडम, परत म्हणालात," कॅमेरावाला म्हणाला.

"काय?"

"उद्या. काल, आज, उद्या काहीच नको. हा व्हिडिओ दहा वर्षं चालवायचाय."

"दहा वर्षं? माझा करार तर आज संध्याकाळी संपतो."

"ते वरच्यांना विचारा. मी रोजंदारीवर."

विद्यापीठ खासगी होतं आणि दोन वर्षांपासून प्रवेश आटले होते. संस्था टिकवायची तर बदलायला हवं, असं प्रत्येक बैठकीत ऐकू यायचं. बदल असा ठरला की लहान विभागांचे तास एकदाच चित्रित करायचे आणि तिन्ही संकुलांत दाखवायचे. "सगळे तास पूर्ण करून द्या, कराराचं मी बघतो," असं विभागप्रमुख म्हणाले होते. बाईंनी सुट्टीतले रविवारही दिले.

नवऱ्याने तेव्हाच टोमणा मारला होता, "अगं, तुझ्या जागी तूच येणार आहेस. बिनपगारी."

"चहा प्या मुकाट्याने," बाई म्हणाल्या होत्या.

शेवटचा तास त्यांनी पुन्हा दिला. वाक्य तोंडाशी आलं, ते गिळलं. दिवा बंद झाला तेव्हा विभागप्रमुख दारात उभे होते.

"झालं? छान. कराराचं मात्र वरून नाही आलं, मॅडम. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर आता कायमच्या आमच्याकडेच."

ते गेले. बाईंनी खडूचा डबा पर्समध्ये टाकला, मग काढून टेबलावर ठेवला.

वायर गुंडाळता गुंडाळता कॅमेरावाला म्हणाला, "पहिल्या तासात एक 'उद्या' राहिलंय. अगदी शेवटी. मी बोललो नाही, नाहीतर सगळं परत घ्यावं लागलं असतं."

"कापणार?"

"आता कोण कापतंय."

नवं सत्र उद्या सुरू होतंय. साडेनऊला बारा नंबरच्या वर्गात पडद्यावर भूगोलाचा पहिला तास लागेल. हजेरी शिपाई घेईल.