आपांच्या तीन मशिनी

या शहरात वरून कपडे टाकायच्या जुन्या वॉशिंग मशीनबद्दल अधिकारवाणीनं बोलू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि माझं दुर्दैव असं की ती नेमकी आमच्या खालच्या मजल्यावर राहते. आम्ही त्यांना आपा म्हणतो. आपा निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली तशा त्यांनी मागच्या गॅलरीत तीन जुन्या मशिनी ओळीनं उभ्या केल्या आणि त्यांचाच वर्ग घ्यायला सुरुवात केली. पहिली स्वतःची, वीस वर्षांची. ती पिळायची झकास, पण चालता चालता गॅलरीभर हिंडायची. दुसरी बहिणीची, स्वभावानं शांत, पण शर्टांच्या बाह्या अशा गुंतवायची की सोडवायला दोन माणसं लागत. तिसरी भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवलेली. ती बटणं गिळायची. आठवड्यानं नळाला पाणी आलं की तिन्ही एकदम सुरू होत आणि वर आमची भांडी मांडणीत नाचू लागत. नव्या मशीनचं नाव काढलं की आपा भडकत. "तिच्यात बादलीनं पाणी ओतता येतं का? दार लागलं की कुलूपबंद! माणसाला मधेच काही आठवलं तर?"

पण खरा छळ पुढंच होता. एकाच चादरीचे तीन तुकडे तीन मशिनींत धुऊन त्या मला खाली बोलवत. "भाऊ, जरा नाक लावून बघा. कुठला साफ वाटतो?" मी निमूटपणे तिन्ही हुंगायचो आणि आपल्या आयुष्याला हे काय वळण लागलं म्हणून खिन्न व्हायचो.

त्यांचे यजमान, आमचे भाईसाब, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची वाचा गेली होती. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्याचा आणि माझ्या हुंगण्याचा संबंध डोक्यात आला नव्हता. एकदा आपाच म्हणाल्या, "बोलता येत नाही, पण नाक शाबूत आहे त्यांचं. चादरीला जरा वास राहिला की भिंतीकडं तोंड करतात. शरम वाटते. आयुष्यभर इस्त्रीच्या कपड्यांत वाळूजला कंपनीत कामावर गेलेला माणूस आहे हो."

वास सगळ्यात चांगला पहिलीत जायचा, आणि भर उन्हाळ्यात नेमकी तीच बसली. मेकॅनिकनं खालून टॉर्च मारला आणि मान हलवली. "गिअरबॉक्स गेला, आपा. लई चालली ती. ह्याचा पार्ट आता येत नाय. द्या भंगारात."

गंगापूरला एकाकडं अगदी तशीच मशीन पडून आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी आणि आपा एसटीनं गेलो. मालक कौतुकानं परसात घेऊन गेला. त्यानं मशीनमध्ये माती भरून कढीपत्ता लावला होता. "कसा जोमात आलाय बघा!" आपा उन्हातच खाली बसल्या आणि त्यांनी मशीनच्या बुडाला हात लावला. गंजाचे पोपडे हातात आले. मालकानं चहा विचारला, शिवाय कढीपत्त्याची जुडी बांधून दिली. परतीच्या गाडीत आपा खिडकीकडं तोंड करून रडल्या. "आता यांचं काय करू, भाऊ?"

उरलेल्या दोन मशिनींत वास पुरता जाईना, मग आपा चादरी हातानं घासू लागल्या. बोटांची सालं निघाली, तरी बाईला काम दिलं नाही. भाईसाबांना परक्या हाताची लाज वाटेल म्हणून. दोन महिन्यांनी भाईसाब गेले. मी खाली गेलो तेव्हा त्यांच्या अंगाखाली स्वच्छ चादर होती आणि तोंड दाराकडं होतं.

बटणं गिळणारी आणि बंद पडलेली, दोन्ही मशिनी आपांनी देऊन टाकल्या. बहिणीची तेवढी ठेवली. परवा सहज डोकावलो तर ती सुरू होती आणि आपा शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. आत एक सलवार-कमीज आणि एक ओढणी फिरत होती.

"आपा, एवढे तर हातानं होतील की."

"हातानं दहा मिनिटांत होतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "हिला पाऊण तास लागतो."

त्यांनी दुसरं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसलो.