ओटीपी भूपेशकडे जातो

बंगळुरूला मीटिंगमध्ये बसलेल्या भूपेशच्या मोबाइलवर त्या दुपारी लागोपाठ ओटीपी येत राहिले. त्याला वाटलं, वडिलांचं क्रेडिट कार्ड चोराच्या हाती लागलं. चोर वगैरे कोणी नव्हतं, मी होतो. सारंगखेड्यात, त्याच्याच घराच्या ओट्यावर, त्याच्याच आईने केलेला चहा पीत बसलो होतो. शेजारी फोन पालथा पडला होता आणि आत माझं ॲप आपल्या मनाने पैसे मागत सुटलं होतं.

झालं होतं असं. गावातल्या धीरजभाईंचं केळीच्या वेफर्सचं दुकान आहे. सुरत-पुण्याकडे गेलेल्या गिऱ्हाइकांनी घरबसल्या मागवावं, म्हणून त्यांनी माझ्याकडून ॲप करून घ्यायला घेतलं. एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालवायचं, अशा जातीचं. त्यात कार्डाने पैसे घेणारी लायब्ररी जोडायची होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, आपण आपल्या ॲपला जोडायचा. माझ्या गावी, रनाळ्याला, आईला हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हंजे कापी."

खोट्या कार्डावर सगळं सुरळीत चाललं. खऱ्या कार्डावर करून बघायचं तर कार्ड आणायचं कुठून? आमच्याकडे पानटपरीवरही क्यूआर कोड आहे, पण क्रेडिट कार्ड कोणाच्या खिशात नाही. मी स्वतः अर्ज केला होता. बँकेने पगाराची स्लिप मागितली. माझ्या कंपनीत मालक मी, कामगार मी, पगार थकवणाराही मीच. धीरजभाई म्हणाले, "चुनीकाकाकडे जा. त्यानाकडे शे."

चुनीलालकाका केळी आणि कापूस पिकवणारे. तापीकाठची जमीन, ठिबकचं पाणी, घर नीटनेटकं. कशाला कमी नाही. बोलायला मात्र मोजकेच, आणि तेही बहुतेक केळीच्या घडांशी. एकुलता एक मुलगा भूपेश. आधी दर यात्रेला यायचा, घोड्यांच्या बाजारात बापलेक दिवसभर फिरायचे, घोडा काही घ्यायचे नाहीत. मग त्याची नोकरी मोठी झाली. मागे दिवाळीत आला तेव्हा आपल्या कार्डावर वडिलांसाठी जोडकार्ड काढून देऊन गेला. "पप्पा, जे लागी ते घ्या." बँकेला मोबाइल नंबर त्याने स्वतःचाच दिला होता, म्हणून काकांनी काहीही घेतलं की ओटीपी भूपेशकडे जायचा.

मी कार्ड मागितलं तर काकांनी का, कशाला, काही विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि मुलाला फोन लावला.

"भूपेश, ओटीपी उना का?"

"उना पप्पा, लिहा."

"थांब. मन्हा चष्मा कोठे शे व?" हे काकूंना. चष्मा काकांच्या नाकावर होता. "हां, सांग. चार... परत सांग बेटा, ध्यानमा ऱ्हायनं नही. जेवणं व्हयनं का तुन्हं? पानी पडना का तठे?"

तोवर ओटीपी मेला. दुसरा मागवला. तोही मरता मरता वाचला. मी मनात म्हणालो, म्हातारा जरा मंद आहे. हाच माणूस सकाळी व्यापाऱ्याशी केळीचा हिशेब तोंडी करताना मी पाहिला होता, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

उजेड पाडला सरलाकाकूंनी. त्या मला आतल्या फडताळाशी घेऊन गेल्या. तीन टॉर्च, दोन नेलकटर आणि कोंबडीएवढी छत्री. "जवय जवय पोऱ्यानी याद येस, तवय काही तरी मांगाडतस. आते घरमा कितला उजेड पाडशात?"

मग मला कळलं. नुसता फोन केला तर भूपेश म्हणायचा, "पप्पा, मीटिंगमा शे, नंतर करस." ओटीपीला नंतर म्हणता येत नाही. तेवढी पाच-दहा मिनिटं तो बांधलेला असायचा.

त्यानंतर एक रुपया घे, परत कर, असं माझं टेस्टिंग जरा जास्तच काळजीपूर्वक व्हायला लागलं. आयफोनवर संपलं होतं, अँड्रॉइडवर अडलं होतं. बँकेचं पान उघडून बंद झालं की ॲप आपण काय करत होतो तेच विसरायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं. आहेर देऊन पुन्हा रांगेत उभा राहणारा पाहुणा. ते विसरभोळं ॲप तसंच चालू ठेवून मी चहाला बसलो आणि भूपेशने तिकडे कार्ड बंद करून टाकलं.

मग त्याने स्वतःहून फोन केला. इतका लांब फोन त्या घरात कित्येक महिन्यांत आला नसेल. सगळा ओरडण्यात गेला. काका "हां बेटा, हां" म्हणत होते आणि चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नव्हती. शेवटी मला दिला.

"कसला डेव्हलपर आहेस रे तू?"

"रनाळ्याचा," मी म्हणालो. दुसरं सुचलं नाही.

ठेवता ठेवता तो निवळला. "पप्पा, नवं कार्ड पाठाडस. त्याले तुमना नंबर लाई देस. ओटीपी तुमनाकडेच यी. माले फोन करानी कटकटच नही."

तो चांगुलपणानेच बोलला. काकांनी फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पडदा पुसला. बराच वेळ पुसला.

नवं कार्ड कुरिअरने आलं. तोवर मी दोष काढला होता, ॲप आता आठवण ठेवायला शिकलं होतं. काकांनी विचारलं, "तुन्ही लायब्ररीमा आशी सोय नही का, ओटीपी त्यानाकडेच जाई?"

"नही काका. ते बँकनं काम शे. मन्हा हातमा नही."

"इतला शिकना तू," ते म्हणाले. चिडून नव्हे, चौकशी केल्यासारखं.

कार्डाचा नंबर टाकला. काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला, सहाही आकडे एका दमात वाचले. चष्मा आत खाटेवर होता. 'पेमेंट यशस्वी' असं पडद्यावर हिरवं उमटलं. ज्याच्यासाठी मी इतके दिवस खपलो ते आमच्या दोघांच्या मधे पडून राहिलं, कोणी हात लावला नाही.

"आखो काही टेस्टिंग बाकी शे का?"

"नही काका."

मी लॅपटॉप उघडला. काकांचा रुपया परत करायचा राहिला होता. त्यासाठी माझ्या पडद्यावर एक बटण आहे, दाबलं की काम होतं. मी दाबणार तेवढ्यात काका म्हणाले, "बिल अजून भूपेशकडेच जास ना?"

"जास."

"मंग ऱ्हावू दे."

पुढच्या रविवारी मी वेफर्सचे फोटो काढायला धीरजभाईंकडे आलो होतो. काकांच्या ओट्यावरून जाताना आतून आवाज आला. भूपेशने बिल पाहिलं होतं आणि फोन त्याने केला होता.

"रुपया परत नही उना बेटा. तो रनाळाना पोऱ्या, त्याना काय भरोसा? इचारस मी त्याले... हां. तू पुढला रईवारले फोन कर, मंग सांगस. जेवना का तू?"

माझं नाव खराब होत होतं. मी चपला हातात घेऊन पुढे सरकलो. तो रुपया अजून मी दिलेला नाही.